गॅरेजमध्ये पातं वर येतं

ताइस्तो निस्कालाबद्दल आता सगळे चांगलंच बोलतात, आणि त्याचाच मला राग येतो. त्या हिवाळ्यात हीच तोंडं काय बोलत होती ते मी ऐकलंय. मी टपाल वाटायचे. टपालवालीला दारात उभं करून लोक मनातलं सगळं ओकून टाकतात, जणू तेही तिनंच पुढे पोचवायचं असतं.

आमच्या किविला टाउनशिपचा, म्हणजे गावच्या पंचायतीचा म्हणा, बर्फ काढायचा ट्रक ताइस्तो चालवायचा. मिशिगनच्या या वरच्या टोकाला सरोवरावरून बर्फ यायला लागला की तो थांबायचं नाव घेत नाही. सकाळी ताइस्तोचा ट्रक पुढे आणि टपालाची माझी गाडी मागे, असा आमचा नेम. तो विधुर, मी विधवा, त्यामुळे ‘हेल्मी ताइस्तोच्या मागे लागलीय’ हा विनोद गावानं इतकी वर्षं चालवला की शेवटी त्याला कुणी हसेनासं झालं.

ताइस्तो या नावाचा अर्थ लढाई. हा माणूस जन्मात कुणाशी भांडला असेल तर शपथ. बोलायचाही मोजकंच. फिनलंडहून इथे येऊन वसलेल्या आमच्या लोकांत न बोलणाऱ्याला शहाणा म्हणतात; माझ्यासारखीला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

बर्फ काढायचा म्हणजे पुढचं पातं खाली टाकायचं आणि सरळ जायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ताइस्तोचं काम पाहिलेलं नाही. पात्यानं रस्त्यावरचा बर्फ कडेला जातो, आणि कडेला म्हणजे कुणाच्या तरी फाटकात. माणूस कंबर मोडेस्तोवर फावडं मारून फाटक मोकळं करतो, तोवर ट्रक येतो आणि तिथेच नवा बांध घालून जातो. सगळीकडे हे असंच चालतं, लोक शिव्या देतात आणि पुन्हा फावडं उचलतात. ताइस्तो मात्र प्रत्येक फाटकाच्या अलीकडे पातं जरासं उचलायचा, वळवायचा, आणि ओझं पलीकडे नेऊन टाकायचा. टपालपेटीपाशीही तेच. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा पात्याच्या दांड्यावर, आणि तोंडात न पेटवलेली सिगारेट. मागून बघताना मला वाटायचं, हा माणूस झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय.

ट्रकची दुरुस्ती करायचा आर्वो, माझा थोरला भाऊ. तो आणि ताइस्तो शाळेत एका बाकावर बसले, जंगलात एका करवतीची दोन टोकं धरून त्यांनी झाडं पाडली, आणि टाउनशिपच्या नोकरीतही मागोमाग लागले. आर्वोचं घर गॅरेजला लागून. अंगणात त्याचा सौना, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली. ताइस्तोची बायको गेल्यापासून त्याचा स्वतःचा सौना थंडच पडला होता, म्हणून शनिवारी तो आर्वोकडे यायचा. आधी आम्ही बायका, मग पुरुष. सौनात देवळासारखं वागायचं, तिथे भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, हे आमच्याकडे चालता यायच्या आधी शिकवतात.

आर्वोची तेलाची बादलीही त्याच सौनात असायची. पातं वर-खाली होतं ते तेलाच्या दाबावर. तेलाची बॅरल गॅरेजमागच्या उघड्या पडवीत, आणि थंडीत ते तेल काकवीसारखं घट्ट, ओतता ओतत नाही. गॅरेजमध्ये भट्टीजवळ तेल ठेवायला टाउनशिपची मनाई, आगीच्या भीतीनं. तेव्हा आर्वोनं त्याच वर्षी एक शक्कल काढली होती. एक बादली भरून सौनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे काढतो तिथे, बाकाखाली ठेवायची, वर एक फडकं टाकायचं. ‘तेलालाही सौना लागतो,’ असं तो म्हणायचा, आणि या विनोदावर तो स्वतः खूश होता. जाताना ताइस्तो डबाभर ऊन तेल घेऊन जायचा आणि ट्रकच्या टाकीत जेवढं कमी असेल तेवढं घालायचा.

जानेवारीत खरी थंडी आली. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात, ती. एका सकाळी, रस्ता संपतो त्या तलावाच्या टोकाला ताइस्तो ट्रक वळवायला थांबला आणि पातं वर येईना. पंप कुत्र्यासारखा विव्हळत होता. मी मागून गाडी थांबवून उतरले.

“काय झालं?”

“वर येत नाही.”

“मग आता?”

“खालीच घेऊन जायचं.”

परतीचा सगळा रस्ता त्यानं पातं तसंच खाली घासत काढला. एकाही फाटकाशी त्याला ते उचलता आलं नाही. प्रत्येक घरासमोर कमरेएवढा बांध पडला, आणि वळणावरच्या सायमा आजींची टपालपेटी आडवी झाली. त्यानं उतरून ती बर्फातून काढली, झटकली, आणि आजींच्या पायरीवर नेऊन ठेवली. इतका शरमलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

ट्रक गॅरेजमध्ये लावून तो तासभर भट्टीच्या उबेला बसला. आर्वोनं हात पुसत पुसत ट्रकमध्ये चढून दांडा ओढला. पातं सुरळीत वर आलं.

“येतंय की.”

“आत्ता येतंय.”

“मग आत्ताच चालवत जा,” आर्वो म्हणाला, आणि दोघंही हसले. तेव्हा हसले.

पुढच्या गार सकाळी पुन्हा तलावाच्या टोकाशी तेच. आणि त्यानंतर पुन्हा. आर्वो काही हातावर हात ठेवून बसला नाही, हे सांगायला हवं. दांड्याची तार घट्ट केली. व्हॉल्व्ह खोलून साफ केला. नळ्या बदलल्या. टाकीतली तेल गाळायची जाळी काढून उजेडात धरली, ती आरशासारखी स्वच्छ. शेवटी जुन्या ट्रकचा पंप काढून याला बसवला. दर वेळी काम झालं की तेल थोडं कमी दिसायचं, मग ताइस्तो सौनातल्या बादलीतून आणून भर घालायचा. दर वेळी गॅरेजमध्ये पातं वर यायचं, खाली जायचं, वर यायचं. आणि जितकी दुरुस्ती व्हावी तितकं ते बाहेर लवकर अडायला लागलं. आधी तलावाशी अडायचं, मग अर्ध्या वाटेतच, चर्चपाशी अडायला लागलं.

लोकांना पंप दिसत नाही, बांध दिसतो. “म्हातारा थकला गं,” मला दारादारात ऐकू यायला लागलं. “दांडा ओढायचं विसरत असेल.” ज्यांच्या फाटकात उभ्या जन्मात फावडं लागलं नव्हतं, ती माणसं दोन आठवड्यांत ते विसरली. टाउनशिपचा प्रमुख क्लिफर्ड ट्रेलॉर. माणूस वाईट नाही, पण त्याला कुणी नाराज झालेलं चालत नाही. त्यानं ताइस्तोला निरोप दिला, की फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये ट्रक तुझ्याकडे ठेवायचा की नाही ते ठरवू. ताइस्तोला निवृत्तीआधी एवढा एक हिवाळा आणि पुढचा एक हवा होता. ट्रक सोडून त्याच्याकडे दुसरं काय होतं? रिकामं घर, आणि टेक्ससला दिलेली मुलगी.

मीटिंगच्या सोमवारी बर्फ पडला नाही, ट्रक गॅरेजमध्येच राहिला; संध्याकाळी हॉल भरला होता. कॉफी होती, वेलदोड्याचा पाव होता; आमच्याकडे माणसाला फाशी द्यायची झाली तरी आधी वेलदोड्याचा पाव कापतील. तक्रारी झाल्या. ताइस्तो टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. मग क्लिफर्ड आर्वोकडे वळला.

“आर्वो, मशीन तपासलंस?”

“तपासलं.”

“पातं वर येतं का?”

आर्वोनं कॉफीच्या कपात बघितलं. “गॅरेजमध्ये पातं वर येतं,” तो म्हणाला.

“म्हणजे मशीनमध्ये काही नाही.”

आर्वो मूग गिळून बसला. आमच्यात याला होकार धरतात.

क्लिफर्डनं घसा साफ केला. “ताइस्तो, तुला काही म्हणायचंय?”

ताइस्तोनं आर्वोकडे बघितलं. संशयानं नाही. डॉक्टरनं काही सांगितलं की आपण जसं बघतो, तसं. “आर्वोनं तपासलंय ना,” तो म्हणाला. “मग मशीन ठीकच असणार.” आणि खिशातून किल्ली काढून त्यानं टेबलावर ठेवली.

ट्रक रॉडनी नावाच्या एका तरण्या गड्याकडे गेला. पुढच्याच आठवड्यात अशी थंडी पडली की माझ्या गाडीचं दारसुद्धा उघडेना. ताइस्तो सकाळी गॅरेजच्या फाटकाशी उभा राहून रॉडनीची वाट बघत होता. मी समोरच्या टपाल कचेरीपाशी पिशव्या भरत होते, म्हणून मला ऐकू आलं.

“तलावाच्या टोकाला वर आलं?” त्यानं विचारलं.

“आलं की. लोण्यासारखं.”

“पंप ओरडला नाही?”

“छे. तुम्ही उगाच घाबरायचात, ताइस्तो.”

तो मान हलवून चालायला लागला. ट्रक गेला तेव्हा ताइस्तो मोडला नव्हता, त्या ‘लोण्यासारखं’वर मोडला. कारण आता त्याच्यापुढे दुसरं कारणच उरलं नाही. ट्रक तोच, रस्ता तोच, थंडी तीच, फक्त हात बदलले आणि पातं वर यायला लागलं. म्हणजे खोट हातात होती.

त्यानं स्वतःची गाडी चालवणं सोडलं. दुकानात पायी जायचा, त्या बर्फातून. कपात कॉफी अर्धीच घ्यायचा आणि कप दोन्ही हातांनी धरायचा. मी एकदा चिडून म्हटलं, “अरे, हात थरथरत नाहीत तुझे, बघ तरी.”

“दिसायला नाही थरथरत,” तो म्हणाला. “मला तर दांडा नीट ओढल्यासारखंच वाटायचं, हेल्मी. रोज वाटायचं. म्हणजे मला वाटतं त्याला काही अर्थ नाही.”

बोलण्यात हार न जाणारी बाई मी, पण नुसता त्याचा अर्धा कप काठापर्यंत भरला.

आणि आर्वो त्या दिवसांत किती चांगला वागत होता म्हणून सांगू. ताइस्तोला सरपण फोडून दिलं. बर्फाला भोक पाडून धरलेले मासे स्वतः साफ करून त्याच्या घरी पोचवले. शनिवारी त्याला घ्यायला स्वतः गाडी घेऊन जायचा. मी मैत्रिणींना सांगायचे, मित्र असावा तर माझ्या भावासारखा. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

मार्चमधल्या शनिवारी दुपारी मी आणि आइली, आर्वोची बायको, सौनाच्या बाहेरच्या खोलीत कपडे काढत होतो. बाकाखाली पाय सरकवला की बादलीला ठेच लागायची आणि मी आर्वोच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे. त्या दिवशी लागली नाही. मग लक्षात आलं, बरेच दिवस लागली नव्हती.

“बादली कुठे गेली गं?” मी विचारलं.

“तेलाची? आर्वोनं काढली. बरं झालं, टॉवेलांना वास लागायचा.”

“ट्रक रॉडनीकडे गेला म्हणून?”

“छे, त्याच्या आधीच. म्हणाला, वाफ तेलात उतरते आणि त्याचं पाणी होतं. तो रविवारभर गॅरेजमध्ये होता. टाकी खालून सोडली, सगळं तेल ओतून दिलं, नवं भरलं. जेवायलासुद्धा आला नाही बघ.”

“कुठला रविवार, आइली?”

“मीटिंगच्या आधीचा. का? तुला बोलला नाही?”

ती भोळी बाई केस बांधत होती. मला यंत्रातलं फार कळत नाही, पण पाणी गोठतं एवढं कुणालाही कळतं. मी वाफेनं ओलसर झालेल्या बाकावर तशीच बसून राहिले. आइली आत जाऊन दगडांवर पाणी टाकत मला हाका मारत होती. मी पुन्हा कपडे चढवले आणि घरात गेले.

स्वयंपाकघरात दोघं खांद्यावर टॉवेल टाकून कॉफी पीत होते, आपल्या पाळीची वाट बघत.

“इतक्यात झालं?” आर्वो म्हणाला.

“बादली का हलवलीस?”

त्यानं वर बघितलं नाही. खाई त्याला खवखवे. “तेलात पाणी जात होतं,” तो म्हणाला.

“कुणाच्या ट्रकच्या तेलात?”

ताइस्तोनं कप खाली ठेवला. त्याला माझ्याहून लवकर कळलं.

“जाळी,” तो म्हणाला. “जाळीत बर्फ धरत होता.”

“हो,” आर्वो म्हणाला.

“म्हणून पंप ओरडायचा. तेल ओढताच येत नव्हतं त्याला.”

“हो.”

“आणि आपण जाळी बघायचो ती गॅरेजमध्ये. तिथे वितळलेली असायची.”

“हो.”

एक क्षणभर, खरं सांगते, ताइस्तोचा चेहरा उजळला. अडलेलं यंत्र सापडल्यावर उजळतो तसा. दोघं असेच वर्षानुवर्षं एखाद्या इंजिनावर वाकून बोलत आले होते. मग तो उजेड गेला.

“तुला कधी कळलं?”

आर्वोच्या आधी मीच बोलले. “मीटिंगच्या आधी. टाकी सोडून, तेल बदलून, बादली लपवून मग तो मीटिंगला आला.”

“मी खोटं बोललो नाही,” आर्वो म्हणाला. “क्लिफनं विचारलं तेवढंच सांगितलं. गॅरेजमध्ये पातं वर येतं का, तर येतं.”

“केसानं गळा कापलास त्याचा,” मी म्हटलं. “आणि वर मासे नेऊन दिलेस.”

“हेल्मी, माझ्या हातून एक ट्रक कधी बिघडला नाही. उभ्या आयुष्यात नाही.” त्याचा आवाज चिरका झाला होता. “सौनात तेल शिजवणारा मेकॅनिक म्हणाले असते. दर हिवाळ्यात म्हणाले असते, मी मेल्यावरही म्हणाले असते. मला वाटलं, तसाही दोन वर्षांत त्याला ट्रक सोडायचाच होता.”

माझा सख्खा भाऊ तो. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण त्या वेळी मला तो परका वाटला, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. खोटं एकही अक्षर बोलायचं नाही आणि माणूस संपवायचा, ही कला आमच्याच लोकांना साधते.

ताइस्तो अजून विचारच करत होता. “मला रविवारी सांगायचंस,” तो म्हणाला. “बादली सौनात मी ठेवली, म्हणालो असतो. तेल नेऊन ओततही मीच होतो. मला हसले असते तर काय झालं असतं?”

आर्वोनं टॉवेल तोंडाला लावला. मग म्हणाला, “सोमवारी क्लिफला सगळं सांगतो. ट्रक तुला परत मिळेल.”

सोमवारी त्यानं सांगितलंही, आणि ट्रक मिळालाही. कबूल केलं म्हणून लोकांनी आर्वोचीच पाठ थोपटली, ते आता राहू दे.

“ट्रकचं नाही रे,” ताइस्तो म्हणाला. “कॅरल आली होती. बाळाला घेऊन, टेक्ससहून. आठवडाभर होती.” तो हळूहळू बोलत होता. “‘बाबा, घे ना त्याला,’ म्हणायची. रोज म्हणायची. मी सांगितलं, पाठ धरलीय. एकदाही घेतलं नाही. माझ्या हातातून पडलं असतं तर?”

या वेळी आर्वोकडून कुणाला काही ऐकायचंही नव्हतं.

“परवा गेली ती,” ताइस्तो म्हणाला.

त्यानं टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आइली तेवढ्यात केस पुसत आली आणि म्हणाली, दगड मस्त तापलेत, जा दोघं. कुणीच हललं नाही. मग ताइस्तोनं कोट घातला आणि तो बाहेर पडला, आणि मी त्याच्या मागे.

अंगणात माझी गाडी होती. मी चालवायला बसणार तोच तो म्हणाला, “किल्ली दे.” मी दिली. रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता आणि चर्चपाशी वळणावर गाडी घसरायला लागली. त्यानं न घाबरता चाक जरासं उलट फिरवलं, तिला सावरलं, आणि पुन्हा सरळ घेतली. मग स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे त्यानं बघितलं.

“काही झालंच नव्हतं यांना,” तो म्हणाला.